नुरा कुस्तीतलं खरं रक्त

आमच्या घरी टीव्हीवर रेसलिंग लागलं की मामांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "बंद कर गं ती नुरा कुस्ती." मामा तरुणपणी तालमीत जायचे. आमच्या बेळगाव भागात लाल मातीत अंग घासलेल्या माणसाला दोरखंडाच्या रिंगणातली, झगमगीत चड्ड्या घालून केलेली कुस्ती कशी पटणार? आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे 'नुरा' म्हणतात आणि तो शब्द शिवी दिल्यासारखाच वापरतात. राजकारणात दोन पक्ष लुटुपुटीचं भांडले तरी आपण तोच शब्द काढतो.

मी मात्र ही कुस्ती शाळेपासून बघते. आधी भावाबरोबर डब्ल्यूडब्ल्यूई बघायचे, मग त्याच्या पलीकडचं 'इंडी' रेसलिंग, म्हणजे मोठ्या कंपनीबाहेरची, छोट्या छोट्या हॉलमधली कुस्ती शोधून बघायला लागले. "मुलगी असून काय बघतीस ते?" हे ऐकून झालंय. "साहित्य मंडळाच्या अंकात कुस्तीवर काय लिहितीस?" हेही या वेळी ऐकलं. तरी लिहिते आहे, कारण एका इंग्रज पैलवानाच्या गोष्टीने माझ्या आणि मामांच्या या जुन्या भांडणाला वेगळंच वळण दिलं.

त्याचं नाव नायजेल मॅकगिनेस. हे रिंगमधलं नाव, पण जग त्याला त्याच नावाने ओळखतं. जन्म १९७६ चा, लंडनचा. एका काळी ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी घरोघरी टीव्हीवर कुस्ती लागायची. आयटीव्ही वाहिनीवर बिग डॅडी, जायंट हेस्टॅक्स अशी अवाढव्य माणसं यायची आणि आज्या-आजोबांसकट सगळं घर ती बघायचं. १९८८ मध्ये ते प्रसारण बंद झालं. त्याबरोबर ब्रिटिश पैलवानाची मोठी रोजीरोटी आणि ओळख दोन्ही गेली. नायजेल तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे १९९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन कंपनीने आपला 'समरस्लॅम' हा मोठा कार्यक्रम लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये भरवला. सुमारे ८० हजार लोकांसमोर डेव्ही बॉय स्मिथ या इंग्रज पैलवानाने ब्रेट हार्टला हरवलं. त्या गर्दीत पोरसवदा नायजेलही होता. आपल्यालाही हेच करायचं, हे त्याच्या मनाने तिथे घेतलं.

पण करायचं कुठे? देशात तर फारसं काही उरलं नव्हतं. मग रसायनशास्त्राची पदवी घेतलेला हा मुलगा अमेरिकेत ओहायोला गेला आणि लेस थॅचर या जुन्या जाणत्या वस्तादाकडे शिकला. तिथून त्याचा इंडिपेंडंट सर्किटवरचा प्रवास सुरू झाला.

हे 'सर्किट' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण टीव्हीवरचा झगमगाट बघून आपली गैरसमजूत होते. आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांची मैदानं भरतात, पैलवान या मैदानातून त्या मैदानात जातो आणि जोड लागेल तशी कुस्ती करून इनाम घेऊन परततो. त्यातलाच हा प्रकार समजा. शुक्रवारी एका गावात, शनिवारी दुसऱ्या. कधी शाळेचा जिम्नॅशियम हॉल, कधी एखाद्या क्लबची जागा. प्रेक्षक शंभर-दोनशे, फार तर हजारभर. पैसे त्या रात्रीपुरते. कार्यक्रम संपला की पैलवान स्वतःच टेबल मांडून टी-शर्ट आणि डीव्हीडी विकतो, मग गाडीत बसून रात्रभर पुढच्या गावाला. कायद्याच्या भाषेत हे लोक 'इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर', म्हणजे कुणाचेच नोकर नव्हेत. मालक नाही, म्हणून पगारी रजा नाही. हाड मोडलं तर खर्च ज्याचा त्याने बघायचा.

नायजेलने नाव कमावलं ते २००२ मध्ये सुरू झालेल्या 'रिंग ऑफ ऑनर' या संस्थेत. तिथला प्रेक्षक चोखंदळ. नुसत्या आरडाओरड्यापेक्षा डाव-पेच बघायला येणारा. नायजेलने जुनी ब्रिटिश शैली, म्हणजे मनगट पिरगाळणं, पकडीतून गिरकी घेत सुटणं, कोपर-दंडाचा वरच्या दिशेने फटका, हे सगळं तिथे नेलं. दोरखंडावर मागे रेलून, उलट्या वेगाने येऊन दंड हाणायचा त्याचा डाव तर इतका गाजला की आजही पैलवान तो उचलतात. २००५ च्या ऑगस्टमध्ये त्याने सामोआ जोला हरवून 'प्युअर' किताब घेतला. या किताबाचे नियम वेगळे होते. दोरखंड धरून पकड सोडवायची मुभा तीनदाच, आणि तोंडावर बंद मुठीने मारायचं नाही. पठ्ठ्याने हा किताब ३५० दिवस राखला. पुढे २००७ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या अवाढव्य ताकेशी मोरिशिमाला हरवून तो मुख्य वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि एप्रिल २००९ पर्यंत, म्हणजे ५४५ दिवस, चॅम्पियन राहिला.

पण त्याचं नाव काढलं की जाणकार प्रेक्षक एकाच सामन्याबद्दल बोलतात. १२ ऑगस्ट २००६, लिव्हरपूल. समोर अमेरिकेचा ब्रायन डॅनियलसन. दोघांचे दोन किताब एक करायचे होते आणि तेही नायजेलच्या मायदेशात. जवळपास अर्धा तास चाललेली ती कुस्ती अप्रतिम आहे, यात वाद नाही. तिच्यात एक क्षण येतो. रिंगच्या कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाच्या पलीकडून डॅनियलसन नायजेलचे दोन्ही हात धरतो आणि ओढतो. हात अडकलेले, त्यामुळे डोकं सरळ खांबावर. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तो आवाज ढोलाचा नाही, कॅमेऱ्याची करामत नाही. कपाळ फुटतं, रक्त वाहतं, कुस्ती चालूच राहते. नंतर ते रक्ताळलेलं डोकं तो पुन्हा डॅनियलसनच्या डोक्यावर आदळतो. लोक उभे राहून ओरडतात. शेवटी नायजेल हरतो.

मागच्या सुट्टीत मी हीच कुस्ती मामांना मोबाईलवर दाखवली. खरं सांगते, वाद जिंकायला दाखवली. "बघा की मामा, हे खोटं आहे काय?" मामांनी चष्मा लावला. पहिली काही मिनिटं नुसतं "हं" करत होते. मनगटाची पकड बघून म्हणाले, "शिकलंय पोरगं. वस्ताद चांगला भेटलाय." मग तो खांब आला. मामा काही बोलले नाहीत. रक्त दिसल्यावर मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "त्याच्याकडचं कोण हाय गं तिथं?"

मला प्रश्न कळला नाही. मामा म्हणाले, "अगं, आमच्या मैदानात एवढं लागलं असतं तर वस्ताद आत आला असता. पंचानं कुस्ती सोडवली असती. ह्याला थांबवणारं कोण हाय?"

मी वाद जिंकले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की 'खरं की खोटं' हा आमचा इतक्या वर्षांचा वादच चुकीच्या जागी चालला होता. निकाल ठरलेला असतो हे पैलवानाला माहीत असतं, प्रेक्षकालाही माहीत असतं. नाटकात खलनायक मरतो तेव्हा आपण "खोटं, खोटं" म्हणून उठून जात नाही. रेसलिंगही गोष्ट सांगतं, फक्त शरीराने सांगतं. पण नाटकातला मेलेला नट पडदा पडला की उठून चहा पितो. रेसलिंगमध्ये निकाल खोटा असला तरी आपटणं खरं असतं, आणि इंडीच्या छोट्या हॉलमध्ये ते आपटणं किती व्हावं हे ठरवणारं, थांबवणारं बहुधा कुणी नसतं. असतो तो प्रेक्षक. आणि आपण प्रेक्षक तर "अजून!" म्हणत असतो.

नायजेलचं पुढे काय झालं बघा. चॅम्पियन असतानाच त्याच्या दंडाचा स्नायू फाटला. शस्त्रक्रिया करायची तर महिनोन् महिने कुस्ती बंद, म्हणजे कमाई बंद. तो तसाच खेळत राहिला. लोकांनी कौतुक केलं, "काय जिद्द आहे!" २००९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला आणि डॅनियलसनला दोघांनाही घ्यायचं ठरवलं. लहानपणी वेम्बलीत पाहिलेलं स्वप्न हाताशी आलं. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये दोघांनी एकमेकांविरुद्ध निरोपाची कुस्तीही केली. मग वैद्यकीय तपासणी झाली. तिच्यात ती जुनी, न शिवलेली दंडाची जखम निघाली आणि नायजेलचा करार बारगळला. डॅनियलसन मात्र गेला. त्याच डॅनियलसनने 'डॅनियल ब्रायन' या नावाने एप्रिल २०१४ मध्ये रेसलमेनिया ३० चा मुख्य सामना जिंकला. दोघांची कला तोडीस तोड, रस्ता एकच. एका जखमेने एक आत गेला, दुसरा दाराशी राहिला.

यातली खोच अशी की ज्या जखमेचं लोकांनी 'जिद्द' म्हणून कौतुक केलं, तीच पुढे कागदावर 'अपात्र' म्हणून आली. टाळ्या वाजवणारे तेव्हा कुठे होते? मीही असते तर टाळ्याच वाजवल्या असत्या, हे कबूल करते.

नायजेल मग टीएनए या दुसऱ्या कंपनीत 'डेझमंड वुल्फ' या नावाने गेला. पहिलीच मोठी झुंज कर्ट अँगलशी, म्हणजे खऱ्या ऑलिंपिक सुवर्णपदकवाल्याशी. सुरुवात झकास झाली. पण २०१० मध्ये तपासणीत त्याला हिपॅटायटिस बी असल्याचं निघालं. हा विषाणू रक्तातून पसरतो. कपाळं फुटायची, एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगावर लागायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, अशा धंद्यात हा धोका कुणाला दिसला नसेल का? बॉक्सिंगमध्ये रक्ततपासणी ही रुळलेली रीत आहे. या आजारावर लसही कितीतरी वर्षांपासून आहे. पण तपासा, लस घ्या, असं छोट्या हॉलमधल्या पैलवानाला सांगायची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलंच नव्हतं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

उपचारांनी तो बरा झाला, पण टीव्हीवरची कुस्ती गेली. २०११ मध्ये त्याने निरोपाचा दौरा केला, छोट्या हॉलमधूनच, आणि चाहत्यांच्या वर्गणीतून त्या दौऱ्याचा माहितीपट काढला, 'द लास्ट ऑफ मॅकगिनेस'. त्यात गौरवगीत नाही. हॉटेलच्या खोलीत एकटा बसलेला, आपलं काय चुकलं याचा हिशोब करणारा, डॅनियलसनच्या यशाबद्दल मनात कडवटपणा असल्याचं न लपवणारा माणूस दिसतो. मला तो माहितीपट त्याच्या सगळ्या किताबांपेक्षा मोठा वाटतो. पैलवान सहसा असं बोलत नाहीत. आमचे मामासुद्धा आपल्या गुडघ्याबद्दल कधी बोलत नव्हते.

मामांचा गुडघा एका मैदानात गेला, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी लिव्हरपूलची कुस्ती बघून झाल्यावर ते पहिल्यांदा सविस्तर बोलले. कुस्ती जिंकल्यावर लोकांनी खांद्यावर घेतलं, हलगी वाजली, फेटा बांधला. सकाळी गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला तेव्हा दवाखान्यात माझी आजी तेवढी होती. इनामाचे पैसे औषधात संपले. "कुणाला दोष न्हाई," मामा म्हणाले, "विचारायचं असतंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं." वस्ताद मैदानापुरता होता. मैदानाबाहेर मामाही एकटेच होते.

आता समोरची बाजूही मांडायला हवी. माझा एक वर्गमित्र म्हणतो, "त्याला कुणी जबरदस्ती केली होती काय? स्वतःच्या मर्जीने गेला. कलेसाठी माणूस झिजतोच." मुद्दा चुकीचा नाही. नायजेलने स्वतःच निवडलं होतं. पण शस्त्रक्रिया केली तर घरभाडं कसं भरायचं आणि नाही केली तर दंडाचं काय होणार, या दोनांतून निवडणं म्हणजे मर्जी का? आणि दुसरं असं की, डोक्याला मार बसल्यावर आपल्याला किती लागलंय हे ठरवण्याची शुद्धच त्या माणसाला नसते. म्हणून तर क्रिकेटमध्येही आता हेल्मेटवर चेंडू बसला की डॉक्टर मैदानात येतो आणि फलंदाज "मी बरा आहे" म्हणाला तरी तपासणी होते. डॅनियलसन, जो 'जिंकला', त्यालाही डोक्याच्या दुखापतींमुळे २०१६ मध्ये निवृत्ती घ्यावी लागली. दोन वर्षांनी डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून तो परतला. म्हणजे दार उघडलं त्याचंही, आणि बंद झालं त्याचंही, शरीराने किंमत वसूल केलीच.

ब्रिटनमध्ये यावर थोडा विचार सुरू झाला आहे. २०२१ मध्ये तिथल्या संसदेच्या सर्वपक्षीय गटाने प्रो-रेसलिंगवर अहवाल काढला. मूळ अडचण त्यांनी बरोबर पकडली. हा प्रकार खेळ धरायचा की रंगभूमी? खेळ म्हणावं तर निकाल ठरलेला, म्हणून क्रीडा खातं हात झटकतं. नाटक म्हणावं तर नटाचं डोकं फुटतंय. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी पैलवानाची गत होते. माझं मत विचाराल तर नाव काहीही द्या, पण रिंग उभी करणाऱ्याने आधी डॉक्टर उभा करावा. तिकीट विकणाऱ्याने विमा उतरवावा. हे दोन नसतील तर तिकीट घेणाऱ्याने घेऊ नये.

आणि आपण? आपण काही लिव्हरपूलला बसलेलो नाही. पण आपल्या कॉलेजच्या कबड्डीत मागच्या वर्षी एक मुलगा खांदा धरून बसला तेव्हा "ऊठ रे, ऊठ!" असं ओरडणाऱ्यांत मी होते. तो उठला, खेळला, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याचा खांदा नंतर कसा होता हे मी अजून विचारलेलं नाही. हा लेख लिहिताना ते आठवलं आणि लाज वाटली. यंदाच्या क्रीडा सप्ताहात प्रथमोपचाराची पेटी कुलपात न ठेवता मैदानाच्या कडेला, माहितगार माणसासह असावी, ही मागणी मी विद्यार्थी प्रतिनिधीकडे लेखी दिली आहे. वाचणाऱ्यांनी खाली आपली सही जोडावी. आणि जो खेळाडू "मला लागलंय, मी थांबतो" म्हणून बाहेर येईल, त्याच्यासाठीही टाळ्या वाजवायची सवय आपण लावून घेऊ.

नायजेलच्या गोष्टीचा शेवट राहिला. तो पुढे कॉमेंटेटर झाला. डब्ल्यूडब्ल्यूईतही, आणि मग २०२३ पासून एईडब्ल्यूत. म्हणजे ज्या कंपनीच्या दारातून पैलवान म्हणून परत फिरावं लागलं, तिथे आवाज म्हणून आत गेला. डॅनियलसनची कुस्ती असली की माइकवर त्याची धुसफुस ऐकण्यासारखी असायची. त्यातला विनोद किती आणि जुनं दुखणं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि मग २५ ऑगस्ट २०२४ ला, वेम्बली स्टेडियममध्ये, एका सामन्यात एकामागून एक पैलवान येत असताना कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्याचं संगीत वाजलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा नायजेल जवळपास तेरा वर्षांनी रिंगमध्ये उतरला. मूळचं स्टेडियम पाडून त्याच जागी नवं बांधलेलं, पण वेम्बली ती वेम्बलीच. १९९२ मध्ये ज्या गर्दीत तो बसला होता, ती गर्दी आता त्याच्यासाठी उभी होती. महिन्याभरात न्यूयॉर्कमध्ये त्याने डॅनियलसनशी पुन्हा एक कुस्ती केली. हरला. पण त्या रात्रीही लोक उभे राहून ओरडत होते.

ती कुस्तीसुद्धा मी मामांना दाखवली. संपेपर्यंत त्यांनी मोबाईल परत दिला नाही. "म्हातारं झालंय, पण पकड तीच हाय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दंड बरा हाय काय गं आता त्याचा?"

'नुरा' हा शब्द त्यांनी त्या दिवशी काढला नाही.